दुपारचं व्होल्टेज

तंत्रनिकेतनाच्या शेवटच्या वर्षाला असताना मला सगळं कळत होतं. निदान घरात तरी तसा समज होता आणि तो मोडायची मला काही घाई नव्हती. आमचं गाव मांडवगण फराट्याच्या अलीकडचं. घरी ऊस, दोन म्हशी आणि आतल्या खोलीत एक कॉम्प्युटर. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तो पुण्याच्या एका नातेवाइकाकडून जुना घेतला होता. अर्ज-बिर्ज टाइप करायला तो बरा होता. पण मला प्रोजेक्टसाठी एका दुमजली इमारतीचं थ्रीडी चित्र करायचं होतं आणि तिथे त्याचा जीव जायचा. एक भिंत फिरवायची म्हटलं की तेवढ्यात आईच्या दोन भाकरी भाजून व्हायच्या.

त्यावरचा उपाय सांगितला तो दादाने. दादा म्हणजे माझा भाऊ नव्हे. तो गावातल्या बौद्धवस्तीतला, माझ्याहून आठ-नऊ वर्षांनी मोठा. आयटीआय करून रांजणगावच्या एका कंपनीत काही वर्षं राबला आणि मग शिरूरला अर्ध्या गाळ्यात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान टाकलं. त्याने माझी रडकथा ऐकून घेतली आणि म्हणाला, "ताई, ग्राफिक्स कार्ड टाकावं लागंल. आन् कार्ड टाकलं की ह्यो जुना पॉवर सप्लाय दम टाकनार. त्यो बी बदलू."

त्याच सुमारास गावच्या शाळेत कॉम्प्युटरची खोली होणार होती. दहा मशीन येणार होती आणि ती बसवायची, वर्षानुवर्षं सांभाळायची कुणी, हे ठरायचं होतं. आप्पा शाळेच्या समितीवर होते. दादाने ते काम मागितलं, तेव्हा चार माणसांत आप्पा त्याला म्हणाले, "आधी आमच्या घरचं मशीन नीट करून दाखव. महिनाभर बिनतक्रार चाललं, तर शाळंचं काम तुझं." म्हणजे माझं कार्ड हीच त्याची परीक्षा होती. मला तो त्या दिवशी फार खुशीत दिसला. "शाळंचं मिळालं म्हंजी आजूबाजूच्या गावांचं बी मिळंल, ताई," तो म्हणाला. "आन् ज्या शाळंत मार खाल्ला तिथं आता सायेब म्हणून जाईन."

कॅबिनेट चादरीत गुंडाळून, मांडीवर घेऊन मी जीपने शिरूरला गेले. दादाने आधी सायकलच्या पंपाने आतली धूळ उडवली. मशीनला हात लावण्यापूर्वी तो दर वेळी शटरच्या लोखंडाला बोटं टेकवायचा. अंगातली वीज तिथे उतरते म्हणे. जुना पॉवर सप्लाय काढला, दुप्पट ताकदीचा नवा बसवला, कार्ड खाचेत दाबलं आणि माझी इमारत स्क्रीनवर गरागरा फिरवून दाखवली. मला इतका आनंद झाला की मी त्याच्या गाळ्यात उभ्या उभ्या टाळ्या वाजवल्या.

निघताना त्याने नव्या पॉवर सप्लायच्या पाठीवरचं एक लहानसं लाल बटण दाखवलं. ते डावी-उजवीकडे सरकायचं. "ह्याला हात लावायचा न्हाई. काही देशांत एकशे पंधराची लाइट असती, त्यांच्यासाठी दिलंय ते. आपल्याकडं दोनशे तीस." एवढं बोलून त्याने त्या बटणावर काळी चिकटपट्टी लावली. शिवाय सांगितलं, "दुपारच्याला मोटारी चालू असल्या की लावू नका. पुढच्या आठवड्यात स्टॅबिलायझर आनून दितो, मग कवाबी लावा."

मला पुढचा आठवडा परवडणारा नव्हता. सोमवारी प्रोजेक्ट दाखवायचं होतं. आमच्याकडे दुपारी शेतीची थ्री फेज लाइट आली की गावातल्या सगळ्या मोटारी एकदम सुरू व्हायच्या आणि घरातले बल्ब पिवळे पडायचे. पंखा तर मोजता येईल असा फिरायचा. कॉम्प्युटर सारखा बंद पडायचा आणि मी चरफडत बसायचे. तिसऱ्यांदा बंद पडला तेव्हा मी विहिरीवर गेले आणि मोटारीच्या पेटीवरचा व्होल्टमीटर बघून आले. काटा दीडशेवर होता. दीडशे हे दोनशे तीसपेक्षा एकशे पंधराला जवळचं, हे गणित चौथीतल्या पोरालाही आलं असतं. मी घरी आले, चिकटपट्टी सोलली आणि बटण सरकवलं.

कॉम्प्युटर सुरू झाला. नुसता सुरू झाला नाही, तर न कुरकुरता दोन तास चालला. दादाला जे सुचलं नाही ते मला सुचलं, असं मला वाटत होतं आणि त्याला ते कसं सांगायचं, याची मी मनात जुळवाजुळवही करत होते. मग थ्री फेज गेली. गावभरच्या मोटारी गप झाल्या, व्होल्टेज परत दोनशे तीसवर चढलं, डोक्यावरचा बल्ब लख्ख पेटला आणि कॅबिनेटमध्ये बार उडाला.

जळक्या वासाने आई गोठ्यातून धावत आली. "काय गं जळलं?" मी म्हणाले, "काय माहीत. चालता चालता उडालं." आई गेल्यावर मी बटण परत दोनशे तीसवर आणलं आणि त्यावर तीच चिकटपट्टी दाबून बसवली. हे मी घाबरून केलं असं मी पुढे बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. पण घाबरलेल्या माणसाचे हात एवढे नीट चालत नाहीत. मी चांगलं डोकं लावून केलं होतं.

संध्याकाळी आप्पांनी विचारलं, "कुणी हात लावला व्हता का?" मी "नाही" म्हणाले. आप्पा माझ्याकडे जरा वेळ बघत राहिले आणि फोन करायला गेले.

दादा दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान बंद ठेवून स्कूटरवर आला. आप्पांनी कॅबिनेट आधीच बाहेर ओट्यावर आणून ठेवलं होतं. मला तेव्हा वाटलं, बाहेर उजेड चांगला म्हणून आणलं असेल. दादाने ओट्यावर बसून ते उघडलं. पॉवर सप्लायमधले दोन कपॅसिटर फुटले होते, कार्ड गेलं होतं, मदरबोर्डही गेला होता. त्याने कॅबिनेट फिरवून पाठीमागून पाहिलं. चिकटपट्टीची एक कड दुमडली होती आणि तिच्या डिंकाला धूळ चिकटली होती. त्याने अंगठ्याने ती कड सपाट केली आणि मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी तोंडात मिठाची गुळणी धरून खांबाला टेकून उभी होते.

"काय झालं रं?" आप्पांनी विचारलं.

दादाने कॅबिनेटचं झाकण परत बसवलं. मग म्हणाला, "सप्लायच खराब निघाला असंल, आप्पा. मी बदलून दितो सगळं."

"राहू दे आता. घरच्या एका मशीनचं हे, तर शाळंच्या दहाचं काय करशील?"

दादाने पेचकस पिशवीत टाकले, माझ्या आईला "येतो" म्हणाला आणि गेला. शाळेचं काम दौंडच्या एका माणसाला मिळालं. तो आमचंही मशीन बघायला आला, तेव्हा आप्पा त्याला "या, बसा" म्हणत थेट आतल्या खोलीत घेऊन गेले. त्या दिवशी ओट्यावरच्या उजेडाचा अर्थ मला लागला आणि तरीही मी बोलले नाही. दादाने मला वाचवलं, तो मनाने मोठा, असं म्हणून मी स्वतःची समजूत घातली. ती समजूत फार सोयीची होती. आप्पांच्या ओट्यावर बसून आप्पांच्या मुलीने हात लावला असं त्याने म्हटलं असतं, तर त्याचं कुणी ऐकलं असतं? त्याला ते माझ्याआधी कळलं होतं, एवढंच.

वर्षभरात त्याने शिरूरचं दुकान आवरलं आणि तो पुन्हा कंपनीत लागला. पुढे एकदा वरवंडला हायवेवर रसवंतीत तो भेटला. बरोबर त्याची बायको आणि लहान मुलगी होती. "बऱ्या हाय का, ताई?" असं त्यानेच हाक मारून विचारलं. मी मुलगी कितवीत आहे ते विचारलं, उन्हाबद्दल बोलले, त्यांच्या रसाचे पैसे मीच देणार म्हणून हट्ट धरला. जे बोलायचं होतं ते सोडून मी सगळं बोलले. ते तिघं गेल्यावर रस तसाच टाकून मी उठले.

आप्पांना मात्र मी सांगितलं. तोवर मला नोकरीला लागून काही वर्षं झाली होती. आप्पांना दौंडला रेल्वेत बसवून द्यायचं होतं, मी गाडी चालवत होते आणि ते शेजारी बसले होते. सारखं समोर बघत राहायचं असल्यामुळे मला ते जमलं असावं. बटण मीच सरकवलं होतं, दादाचा काही दोष नव्हता, असं मी एका दमात सांगून टाकलं आणि बोलणी खायची तयारी ठेवली.

"म्हाईत हाय मला," आप्पा म्हणाले. "जन्म गेला माझा मोटारी जाळन्यात. थ्री फेज गेल्या गेल्या उडालं म्हनल्यावर कळत न्हाई व्हय? आन् तुझं तोंड दिसत व्हतं की."

"मग त्याला का बोललात?"

ते खिडकीबाहेरचा ऊस बघत राहिले. मग अगदी साधेपणाने म्हणाले, "समितीत कुनालाच त्यो नको व्हता. आन् मी चार मान्सांत शब्द दिऊन बसल्यालो. मशीन चाललं असतं तर काम त्याला द्यावं लागलं असतं. तू खरं बोलली असतीस, तरी द्यावं लागलं असतं. तू गप बसलीस म्हनून मी सुटलो."

दौंड आलं. स्टेशनवर मी त्यांची पिशवी घेतली, त्यांना डब्यात बसवलं, पाण्याची बाटली दिली. मी खरं बोलले असते तरी दादाला ते काम मिळालंच नसतं, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते आणि त्याच आधारावर मला झोप लागत होती. खरं तर सगळं माझ्याच एका वाक्यावर अडलं होतं. हे तेव्हा कळलं असतं तर मी बोलले असते का? या प्रश्नाला मला अजून हो म्हणता येत नाही.