वहिफणीवाल्या मेहमुदाची सही

माग सुरू होण्याआधी बीमवरचा, म्हणजे ताणा गुंडाळलेल्या रुळावरचा, एकेक धागा वहीच्या, म्हणजे मागावरच्या उभ्या तारेच्या, डोळ्यातून आणि मग फणीतून ओवावा लागतो. आमच्या कबनूर गावात या कामाला वहिफणी म्हणतात, आणि त्याला माणसं दोन लागतात. मेहमुदा मुल्लाणी पलीकडे बसून धागा पुढे करायची, तिचा नवरा इमाम अलीकडून बारीक हूक घालून तो ओढून घ्यायचा. मध्ये वह्यांचा पडदा. बावीस वर्षांच्या संसारातली निम्मी भांडणं दोघांनी त्या पडद्याआडूनच केली.

मार्चातल्या एका दुपारी हूक पलीकडे आलाच नाही.

"ओढा की! झोपलासा काय?" मेहमुदा ओरडली. उठून बघते तर इमाम डोकं धरून वाकलेला. "डोस्क्यात कायतरी फुटलं गं," एवढं बोलून तो भडाभडा ओकला.

मागवाले गोळा झाले. कुणी म्हणालं पित्त, कुणी म्हणालं ऊन. एकानं सोडा आणला, दुसऱ्यानं डोक्याला फडकं आवळलं. आमच्याकडे शहाण्यांना तोटा नाही. मेहमुदानं फडकं सोडलं, सोडा बाजूला सारला, कारखान्याचे मालक कृष्णात पाटील यांना गाडी काढायला लावली आणि थेट कोल्हापूर गाठलं.

तिथं डॉक्टर अनुजा यांनी तपासणीचा फोटो दाखवला. मेंदूतल्या शिरेला फुगा आला होता, तो फुटला होता. रक्त तेवढ्यापुरतं थांबलं होतं, पण फुगा पुन्हा फुटला तर माणूस हाती लागणार नव्हता. मांडीच्या शिरेतून बारीक नळी मेंदूपर्यंत न्यायची, तिच्यातून प्लॅटिनमच्या तारेची वेटोळी त्या फुग्यात भरायची आणि तो आतूनच बुजवायचा, असा त्यांचा बेत.

इमामचा धाकटा भाऊ काशिफ भडकलाच. "फुटलंय डोस्क्यात आणि ह्या बाई मांडीतनं शिरणार? भाभी, सही करू नगा. आणि कुणाला तरी इचारू, उद्या बघू."

मेहमुदानं डॉक्टरांना एकच विचारलं, "आत दिसतंय काय तुमास्नी?"

"पडद्यावर सावली दिसते. बाकीचं हाताला कळतं."

"मग आन काय पायजे! आमी बी तसंच करतो की. काशिफ, धागा ओवाय कुणी माग फोडतंय व्हय?"

मेहमुदा बोलून गेली खरी, पण सही करताना तिच्या मनात एकच होतं. चुकलं तर नवरा आपल्याच सहीनं गेला, हे ओझं मरेपर्यंत उरावर.

तीन तासांनी डॉक्टर बाहेर आल्या. "फुगा बंद झाला." मेहमुदा त्यांच्या गळ्यातच पडली आणि सगळा मजला ऐकेल अशी रडली.

इमाम वाचला. उजवा हात मात्र लाकडासारखा झाला. गावानं लगेच निकाल लावला, माणूस राहिला, कारागीर गेला. "मेलो असतो तर बरं झालं असतं," असं तो एकदा बोलला आणि मेहमुदाच्या अस्सल शिव्या खाऊन बसला. रोज सकाळ-संध्याकाळ ती त्याच्याकडून बोटांचा व्यायाम करून घ्यायची. सहा महिन्यांनी तो हूक घेऊन पुन्हा बसला.

पहिलं बीम भरलं, मागावर चढलं. हातभर कापड निघालं आणि मधोमध एक उभी रेघ उमटली. मालकानं माग बंद केला. सगळ्यांच्या नजरा इमामच्या हाताकडे.

"असू दे इमाम," कृष्णात हळू आवाजात म्हणाले. "दुखण्यातनं उठलायस." कृष्णात कधी हळू बोलत नसत.

इमाम मात्र वाकला. रेघेवर बोट ठेवून धागा धरत धरत वह्यांपर्यंत गेला, मग पलीकडे जाऊन बघितलं.

"हुकाची चूक न्हाय ही," तो म्हणाला. "पलीकडनंच दोन धागं उलटंपालटं आल्यात. मेहमुदा, ध्यान कुठं हुतं तुजं?"

तिनं निरखून पाहिलं. खरंच होतं. दिवसभर ती धागे देत होती आणि वह्यांच्या फटीतून त्याचा हात कापतोय का, तेच बघत होती.

"माजीच चूक हाय!" ती कारखाना दणाणून सोडत ओरडली. "ऐकलं का समद्यांनी? माजीच!" आणि बंद मागाला टेकून ती डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसत राहिली.