खडूचे उंबरे

दर रविवारी दुपारी बाराच्या सुमारास बेरिल नासरच्या टायरच्या दुकानासमोर येते, खिशातून खडू काढते आणि दारातल्या फरशीवर दोन हात लांबीची पांढरी रेघ ओढते. वय त्र्याहत्तर, गुडघे कुरकुरतात. ओणवं व्हायला वेळ लागतो आणि उठायला त्याहून जास्त. रेघ ओढून झाली की ती रेघेच्या अलीकडे उभी राहते. ओलांडत नाही.

पहिल्यांदा नासरला वाटलं होतं, बाई महापालिकेची असणार, रस्ता खोदायची खूण करतेय.

"ही खूण कसली, आजी?"

"ग्राइंडर्स रेस्टच्या उंबऱ्याची. पब होता इथं. तू जॅक ठेवलायस ना, बरोबर तिथं बार होता."

"म्हणजे बाराही महिने मी दारूच्या गुत्त्यात बसतो म्हणा की. आमच्या अब्बांना सांगू नका," नासर म्हणाला आणि तिला चहा दिला. त्याचे अब्बा येमेनहून याच रस्त्यावरच्या पोलादाच्या कारखान्यात आले होते आणि तीस वर्षं प्रत्येक पबसमोरून मान खाली घालून गेले होते.

शेफील्डच्या अ‍ॅटरक्लिफमधल्या या रस्त्यावर एके काळी दर चाळीस पावलांवर पब होता. ही बढाई नाही, बेरिलनं पावलं मोजलीत. भट्टीवरचा माणूस पाळी संपवून बाहेर पडायचा तेव्हा अंगातलं निम्मं पाणी भट्टीपाशीच ठेवून यायचा. ते कुठंतरी भरून काढावं लागायचं. मग भट्ट्या विझल्या, घरं पाडली, माणसं टेकडीपलीकडच्या वसाहतींत गेली आणि पब एकामागून एक बंद पडले. कुठं गालिच्यांचं दुकान झालं, कुठं गाड्या धुवायला लागले, कुठं नुसतंच गवत.

या पबांनी बेरिलच्या अकरा वह्या भरल्यात. कुठला पब कुठं होता, मालक कोण, दार कुठल्या बाजूला उघडायचं, सगळं. वाचनालयानं तिचा नकाशा भिंतीवर लावला तेव्हा पेपरात फोटो आला. लोकांना वाटतं, बाईला जुन्याची हौस आहे. हौस कसली डोंबलाची. बेरिलला बिअरचा वाससुद्धा सोसत नाही. कुणाही म्हाताऱ्याकडं गेली की दारं-खिडक्यांची चौकशी करून होते, वही मिटते आणि मग सहज सुचल्यासारखं ती विचारते, "एकोणीसशे साठच्या जानेवारीत, तिसऱ्या रविवारी, तुम्ही ग्राइंडर्स रेस्टमध्ये होतात का हो?" त्या एका प्रश्नासाठी अकरा वह्या.

त्या काळी रविवारी पब बारा ते दोन उघडे असत. पुरुष तिकडं, बायका ओव्हनपाशी. मांस भाजून झालं, पुडिंग फुगलं की प्रत्येक घरातून एक पोर पबकडं पिटाळलं जाई. पोरांना आत जायची बंदी. उंबऱ्यावर उभं राहायचं आणि हाक मारायची. मग हर्बर्ट ओक्स, ग्राइंडर्स रेस्टचा मालक, हात पुसत दारात यायचा.

"बाबांना आईनं बोलावलंय, जेवण गार होतंय," बेरिल म्हणायची.

"क्लिफ? आज आला नाही गं तो, पोरी."

शहरातला प्रत्येक मालक प्रत्येक नवऱ्याबद्दल हेच सांगायचा. तो धंद्याचाच भाग होता आणि त्याचा अर्थ शेंबड्या पोरालाही ठाऊक होता. आला नाही म्हणजे आत बसलाय. थोड्या वेळानं दाराच्या फटीतून बाबांचा भाजलेल्या चट्ट्यांचा हात बाहेर यायचा, हातात बटाट्याच्या वेफर्सचं पाकीट, पाकिटात निळ्या कागदाच्या पुडीत मीठ. ते घेऊन बेरिल घरी यायची आणि सांगायची, आहेत तिथंच, येतायत.

त्या रविवारी रस्त्यावर बर्फाची काच झाली होती. बेरिल नऊ वर्षांची. दोन वाजत आले होते. ओक्स आला, आज आला नाही म्हणाला, आत गेला. बेरिल थांबली. पाकीट आलं नाही. अजून थांबली. आईचं बजावणं असं होतं की इथं नसतील तर पुढं स्वॉन पबमध्ये विचार, मग प्लाऊ, मग ड्रॅगन, अगदी कालव्याकाठच्या बार्जपर्यंत जा. बेरिलच्या बुटाला भोक होतं. पाय बधिर झाले होते. ती घरी वळली.

"आहेत तिथंच," तिनं आईला सांगितलं.

"बसू दे," आई म्हणाली. बाबांचं ताट तिनं दुसऱ्या ताटानं झाकलं आणि गरम पाण्याच्या पातेल्यावर ठेवलं. ते तिथंच राहिलं. सोमवारी सकाळी बार्जच्या जरा पुढं, कालव्याच्या भिंतीपलीकडं क्लिफ सापडला. घसरून पाय मोडला होता आणि थंडीनं बाकीचं केलं होतं. डॉक्टर म्हणाले, संध्याकाळपर्यंत जिवंत असणार.

बेरिलला कुणी बोल लावला नाही. आई जन्मभर शेजारणींना सांगत राहिली, "ओक्स रोजच खोटं बोलायचा, पोरीला काय कळणार?" वेफर्सचं कुणालाच माहीत नव्हतं. बाबा त्या दिवशी आत असतील, हातात सुटे नसतील म्हणून पाकीट आलं नसेल, दोननंतर बाहेर पडून घसरले असतील, तर बेरिल सुटली. आत नसतील, तर दोन वाजता ते भिंतीपलीकडं पडलेले होते आणि ती चार दारं पुढं गेली नाही. चौसष्ट वर्षं ती या दोहोंच्या मध्ये उभी आहे.

पंधराव्या वर्षी ती सुऱ्या-काट्यांना झिलई द्यायच्या कारखान्यात लागली. पायांना खाकी कागद बांधून, डोक्याला तांबडा रुमाल, तोंड काळं. तिथल्या पोरी गात आणि अचकट-विचकट बोलत, हीही बोलायची. केनशी लग्न झालं. केनला पबातून यायला दहा मिनिटं उशीर झाला की ही कोट चढवून थेट आत शिरायची आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघायची. मित्र तिला जमादारीण म्हणत. "अगं, मी कुठं पळून जातोय?" केन चिडायचा. तिनं त्याला कधी कारण सांगितलं नाही आणि आता केनही नाही.

भुताखेतांवर तिचा विश्वास नाही. पण रेघेपाशी उभी असताना नासरचा कॉम्प्रेसर थांबला की त्या शांततेत आतून डॉमिनोच्या सोंगट्या वाजतात, ओल्या कोटांचा वास येतो आणि कुणीतरी तिच्या बाबांसारखं खोकतं. तिला ठाऊक आहे की ते तापलेलं लोखंड निवतंय. तरी ती वेफर्सची वाट बघते. दर रविवारी बघते.

पेपरातल्या फोटोनंतर रॉदरहॅमहून फोन आला. नोरा ओक्स, हर्बर्टची मुलगी, शहाऐंशी वर्षांची, शुद्धीत आणि खमकी. बेरिल बसनं गेली.

"क्लिफची तू," दार उघडताच नोरा म्हणाली. "नाक तेच. बस."

चहा झाला. जो प्रश्न शंभर जणांना सहज विचारला होता तो आज तिनं अर्धाच विचारला.

"तो रविवार आठवतो?"

"न आठवायला काय झालं? बारमागं मीच होते."

"मग सांगा. होते का ते आत?"

नोरानं कप खाली ठेवला. "नव्हता गं. त्या दिवशी त्यानं पाऊल ठेवलं नाही आमच्याकडं. माझा बाप दारात उभा राहून जन्मात एकदा खरं बोलला, तेही तुझ्याशी."

बेरिल रडली नाही. "मला माहीत होतं," ती म्हणाली. "वेफर्स आले नाहीत. तेव्हाच कळलं होतं मला. थंडी वाजत होती म्हणून घरी गेले आणि आईला खोटं सांगितलं." एवढं बोलून तिला दम लागला. हे वाक्य ती पहिल्यांदाच मोठ्यानं ऐकत होती.

नोरानं तिचा कप पुन्हा भरला. "माझ्या बाबांनाही कळलं होतं," ती म्हणाली. "स्वॉनकडं न जाता तू घराकडं वळलीस, ते त्यांनी दारातून पाहिलं. मला म्हणाले, पोरीला वाटलं मी नेहमीसारखाच बोलतोय. हाक मारणार होते तुला. तेवढ्यात बंद व्हायची वेळ झाली, शेवटच्या ग्लासासाठी झुंबड उडाली. राहूनच गेलं."

"मग?"

"मग काय. त्यानंतर कुठलंही पोर आलं की दार सताड उघडायचे. ये, आत येऊन बघ तुझा बाप. पोलिसांनी दोनदा तंबी दिली. गिऱ्हाइकांनी शिव्या घातल्या आणि स्वॉन गाठलं. असला मालक हवाय कुणाला? तीन वर्षांत दाराला फळ्या ठोकल्या."

बेरिलच्या चौथ्या वहीत ग्राइंडर्स रेस्टपुढं लिहिलं होतं: रस्त्यावर सगळ्यांत आधी बंद, कारण समजत नाही.

"मरेपर्यंत विचारायचे, क्लिफची पोरगी कशी आहे?" नोरा म्हणाली. "मी सांगायचे, मजेत आहे, आत्ताच भेटली होती. मला कुठं काय माहीत होतं तुझं. पण दारात आलेल्याला खोटं सांगायची आमच्या घराला सवयच होती ना."

पुढच्या रविवारी बेरिल बाराला आली नाही. दोनला आली. रेघ ओढली, उठली आणि म्हणाली, "क्लिफ स्टॅनिफर्थ आहेत का आत?"

नासरच्या ओठांवर काहीतरी चेष्टा आली होती. तिचा चेहरा बघून ती त्यानं गिळली. "नाही, आजी. आज आले नाहीत."

तिनं मान हलवली. या खेपेला ती पाकिटासाठी थांबली नाही. स्वॉनच्या जागी गालिच्यांचं दुकान होतं. तिथल्या मुलीनं यादी चाळून सांगितलं, या नावाचं कुणी काम करत नाही. प्लाऊच्या जागी गाड्या धुणाऱ्या पोरानं पाणी बंद करून प्रश्न पुन्हा विचारायला लावला आणि नाही म्हणाला. ड्रॅगनचं गवत होतं. बेरिलनं त्यालाही विचारलं आणि हवा तेवढा वेळ दिला. बार्ज तर केव्हाच पाडलं होतं. प्रत्येक दारात तिनं उत्तर खरं मानलं आणि पुढं गेली.

कालव्याची भिंत तेवढी तशीच होती. दगडावर दोन्ही हात टेकून बेरिल पलीकडं वाकली. खाली चिखल होता, पाणी होतं.

"बाबा," ती म्हणाली, "आईनं बोलावलंय. जेवण गार होतंय."