मागे तोंड केलेला कर्णा

मोटारीत गाणं वाजतं, ते नेमकं कोणाच्या कानांसाठी वाजतं, याचा तुम्ही कधी विचार केला आहे का? मला तो करायला लावला एका ड्रायव्हरने. आमच्या अलिबाग-रेवस रस्त्यावर त्याची सर्व्हिस मोटार धावायची आणि त्याला सगळे कर्णेकाका म्हणायचे. मोटार दिसण्याआधी तिचं गाणं यायचं. माडांपलीकडून सूर आला की रस्त्याकडेची माणसं बोचकी उचलून उभी राहायची.

मोटार मालकाची, गाणं काकांचं. ग्रामोफोन त्यांनी मुंबईच्या जुन्या बाजारातून पदरच्या पैशाने आणला होता. पण आमचा रस्ता असा, की खड्ड्याखड्ड्याला सुई उडायची आणि गाणारी बाई एकच ओळ घोकत बसायची. काकांनी पेटीखाली पेंढा घातला, गोधडी घातली, काही चालेना. अखेर मागच्या बाकावरून किहीमची मंजुळाबाई कोळीण म्हणाली, "पोराला पालन्यात घालतव ना, तशी घाल तिला."

दुसऱ्या दिवशी पेटी टपाच्या दांड्यांना काथ्याच्या दोराने टांगलेली! मोटार आदळत होती, आम्ही आदळत होतो, गाणं मात्र झोका घेत अखंड चाललं होतं. त्या दिवशी रेवसच्या बंदरावर बोट लागली तरी कोणी उतरायला तयार नव्हतं.

काकांचं तेवढ्याने भागणार नव्हतं. सुईमागच्या, आवाज उमटवणाऱ्या चकतीचा अभ्रक त्यांनी नवा बसवला. पत्र्याचा कर्णा खरखरतो म्हणून तांबटाकडून सुपाएवढ्या तोंडाचा तांब्याचा कर्णा ठोकून घेतला. काय आवाज होता तो! स्वच्छ, भरदार, छातीत शिरणारा. आणि त्या कर्ण्याचं तोंड काकांनी मागे फिरवलं.

पुढच्या बाकाचं भाडं जास्त. तिथे वकील, सावकार, इनामदार बसत. मागे टोपल्या घेऊन कोळणी आणि आगरी बायका. काका म्हणत, "पुढच्यांना वारा मिळतो, मागच्यांना धूळ. गाणं तरी मागच्यांना मिळू दे." मी तेव्हा समतेची पत्रकं छापून वाटत फिरत होतो. एक पत्रक हातात घेऊन काका म्हणाले, "झकास लिवलंस. पण मंजुळाबाईला वाचता कुठं येतंय? तुझ्या कागदाचंपण तोंड मागं कर." त्या दिवसापासून मी मागच्या बाकावर बसून पत्रकं मोठ्याने वाचू लागलो. मंजुळाबाई मध्येच विचारायची, "ह्याचा अरथ काय रं?" आणि अर्थ सांगता आला नाही, की ती ओळ मी रात्री खोडायचो.

एका वकीलसाहेबांना हे खपलं नाही. "ड्रायव्हर, भाडं आम्ही जास्त द्यायचं आणि गाणं मासळीला ऐकवायचं?"

"साहेब," काका म्हणाले, "तीच मासळी संध्याकाळी तुमच्या ताटात येते. गात आली तर बिघडलं काय?"

मागचा बाक हसून लोळला. पण वकील मालकाकडे गेले. मालकाने भर स्टँडवर सांगितलं, कर्णा पुढे फिरव, नाहीतर चावी ठेव. काकांच्या घरात खाणारी सहा तोंडं होती, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. काकांनी पाना काढला, कर्णा सोडवला, पेटी उतरवली आणि चावी मालकाच्या हातात दिली. "चावी तुमची. कर्णा माझा."

नव्या ड्रायव्हरने मोटार सुरू केली. मंजुळाबाईने टोपली डोक्यावर घेतली. "गाना न्हाय तं आमी आपलं चालत जाव," म्हणाली आणि खरोखरच चालू लागली. तिच्यामागे सगळा मागचा बाक.

काका पुढे माणगावकडे एका भातगिरणीच्या लॉरीवर गेले. तिथेच तापाने वारले. लॉरीतून भात उतरवणाऱ्यांकडे तोंड करून तो कर्णा शेवटपर्यंत होता, एवढं मला कळलं.

आता गावोगाव चावडीत रेडिओ येऊ लागले आहेत. आत गाद्यांवर मंडळी बसतात. ज्यांना पायरी चढू देत नाहीत, ते बाहेरून भिंतीला कान लावून उभे असतात. तुमच्या गावात रेडिओ आला असेल तर आज संध्याकाळी एवढंच करा: उठा, आणि त्याचं तोंड दाराकडे फिरवा. कोणी विचारलं तर कर्णेकाकांचं नाव सांगा.