तिकडं असंच असतंय

आमची शेड संध्याकाळी कितीही झाडली तरी सकाळी कोपऱ्यात कागदाचे कपटे सापडतातच. किश्श्यांचंही तसंच असतं बघा. सांगून संपले म्हणून उठावं, तर पदराला दोन चिकटलेलेच! तेव्हा आज थोडे झटकून टाकते. डोक्यात ठेवले की खुडबुड करतात, आणि खुडबुडीनं मी दचकते.

तशी मी कशानंही दचकते. कुकरची शिट्टी, दारावरची थाप, मागून कुणी नुसतं "अगं" म्हणालं तरी! आणि राहते कुठं, तर तेरखेड्यात, ज्या गावाची ओळखच फटाक्यांची!

एम.ए. झाल्यावर, नोकरी लागेपर्यंत म्हणून मी फटाक्यांच्या कारखान्यात नळ्या वळायला लागले. आमची शेड कागदाची. दारूचं काम पार लांबच्या शेडांत. इथं फक्त कागदाला खळ लावायची, दांडीवर गुंडाळायचा, नळी ओढून काढायची आणि वाळत ठेवायची. पहिल्याच दिवशी कुणाच्या तरी हातून खळीचा डबा पडला आणि मी अशी किंचाळले की लांबच्या शेडांतली माणसं बाहेर पळाली.

मुकादम बापू धापा टाकत आले. पालथा डबा बघितला, मला बघितलं आणि म्हणाले, "अख्ख्या कारखान्यात ह्या पोरीएवढ्या आवाजाचा माल न्हाय!"

तेव्हापासून माझं नाव दचकी.

* * *

कारखान्याचा एक नियम कडक आहे. मोबाईल आत न्यायचा नाही. सकाळी बापूंच्या लाकडी पेटीत टाकायचा, संध्याकाळी उचलायचा. कागदाच्या शेडलाही सूट नाही. म्हणजे हात कामात, मोबाईल पेटीत. मोकळं राहिलं काय? तोंड!

एका तरटावर आम्ही चौघी. मधोमध छबूमावशी, त्यांना चिकटून शारदाकाकी, समोर नजमाभाभी आणि दाराकडं तोंड करून मी, म्हणजे कुणी आलं तर आधी दिसावं.

एकदा दुपारी काकी नुसत्याच म्हणाल्या, "असं एक गाव पायजे बाई, जिथं नळाला पाणी आलं म्हणून भाकरी तव्यावर टाकून पळावं लागत न्हाय."

"उधर नळ बंदच नै होना," भाभी म्हणाली.

माझ्या तोंडून निघून गेलं, "आणि तिकडं एस.टी. हात न करता थांबते!"

झालं. गाव वसलं! नाव काय ठेवायचं यावरून मात्र भांडणं लागली, ती काही मिटली नाहीत. म्हणून आम्ही त्याला नुसतं 'तिकडं' म्हणतो.

पत्र्याला बारीक बारीक भोकं आहेत. दुपारी त्यातून उन्हाच्या काड्या खाली उतरतात आणि त्यांच्यात कागदाची धूळ तरंगत राहते. हात आपोआप फिरत असतात. कागद, खळ, दांडी. अशा वेळी तिकडं पोचायला काहीच वेळ लागत नाही. तिकडं ओढ्याला उन्हाळ्यातही पाणी आहे. लिंबाची सावली एवढी लांब की एका घरातून दुसऱ्या घरात जाताना ऊन लागत नाही. आणि संध्याकाळी कुणालाच कुठं पोचायची घाई नसते.

काकींनी एकदा विचारलं, "तू येवढी शिकलीस, कालेजात असलं काय शिकवत न्हाईत का?"

मी म्हटलं, "शिकवतात की. राज्यशास्त्रात आख्खा पेपर होता, आदर्श राज्याचा."

"मग? मार्क किती पडले?"

"बेचाळीस."

भाभीनं नळी वाळत टाकली. "मतलब, दुनिया काठावरच पास!"

* * *

तिकडचे कायदे ज्याचे त्यानं करायचे. काकींचा पहिला कायदा होता, "तिकडं सासूची खाट दारात टाकायची न्हाय. परसात टाकायची!"

हे ऐकून भाभी हसता हसता खळीत कोपर बुडवून बसली. कारण काकींच्या सासूबाईंची खाट आख्ख्या गावाला माहीत आहे. बरोबर उंबऱ्याला लागून! सून बाहेर पडली की खाटेवरून प्रश्न येतो, "कुठं? कुणाकडं? कशाला?" काकी म्हणतात, रेल्वेचं फाटक तरी कधीमधी उघडं असतं.

मग मावशींची पाळी आली. त्यांनी विचारही केला नाही. "तिकडं कुणीबी कुणाच्याबी घरात सरळ शिरावं, झाकण उचलावं आन बगावं, काय शिजलंय."

"येवढंच?" काकी म्हणाल्या. "हे तर आत्ताबी करतो की आमी!"

मावशींनी नळी ओढून काढली, फुंकर मारली, आणि म्हणाल्या, "तुमी करता."

मला वाटतं, तेव्हाच मला कळलं की मावशींना तिकडच्या गावातलं नेमकं काय हवंय. मी शाळेत जात होते तेव्हापासून ह्या दोघी एका तरटावर बसतात. मावशींची कारळाची चटणी काकींच्या भाकरीवर, काकींचं दही मावशींच्या वाटीत. एक आजारी पडली तर दुसरीचं कामात लक्ष नसतं. पण मावशींचं घर ओढ्यापलीकडं, बौद्धवस्तीत, आणि काकींचं गावात, मारुतीच्या पाराजवळ. काकी ओढा ओलांडून मावशींच्या घरात कधी गेल्या नव्हत्या. जायचं नाही असं काकी कधी म्हणाल्या नाहीत. म्हणायची गरजच पडत नव्हती.

आणि मावशीही कधी "ये" म्हणायच्या नाहीत. त्यांना जे पाहिजे ते सगळं तिकडं घडायचं.

* * *

नजमाभाभीचा कायदा असा होता की हप्त्यातून एक दिवस बायकांची चूल बंद. "उधर जुम्मे के दिन मर्दां पकाना, हमना खाना. बस!"

हा कायदा भाभीला एवढा आवडला की एका शुक्रवारी ती घरी गेली, हातपाय धुतले आणि ताट घेऊन बसली. नुसती बसली! नवरा टमटम लावून आला, बघतो तर चूल गार.

"क्या हुआ? तबियत खराब?"

"नै. मैं तिकडं हूँ."

बिचाऱ्याला काही कळेना. गेला आणि अंडी फोडायला लागला!

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी तिच्यावर तुटून पडलो. कसं झालं? काय केलं? भाभी लाजून लाल.

"जळकी थी," म्हणाली. "पण तिकडची जळकी अंडीसुद्धा लई गोड लागतेत बाई!"

* * *

माझा कायदा काय असणार? तिकडं आवाजच नको!

तर सगळ्या माझ्यावर उलटल्या. "फटाके नकोत म्हणतीस? आमच्या पोटावर पाय देतीस व्हय गं?"

मी घाबरून म्हटलं, "फटाके नको असं नाही. आवाज नको. नुसते रंगाचे असू द्या ना!"

मग आम्ही बराच वेळ ते फटाके बनवत बसलो. झेंडूच्या रंगाचे भुईनळे. आकाशात जाऊन मोराच्या पिसासारखं हळूच उलगडणारं काहीतरी. चांदण्या खाली येताना इतक्या सावकाश येणाऱ्या की अंगणातल्या पोरांनी ओंजळीत धराव्यात, आणि चटका बसू नये. कुत्री खाटेखाली लपत नाहीत, म्हातारी माणसं कानात बोटं घालत नाहीत. सगळं गाव माना वर करून उभं आहे आणि इतकी शांतता की शेजारणीच्या बांगड्या ऐकू याव्यात.

मी तर तिकडंच होते. माझ्या हातातली नळी कधीच वाळून गेली होती.

तेवढ्यात मावशी म्हणाल्या, "ते समदं ठीक हाय. पर एक सुतळी बॉम्ब राहू द्या."

"कशाला मावशी?"

"ग्रामसभेला लागंल. गडीमाणसं लई येळ बोलाया लागली की पेटवून द्यायचा!"

* * *

एकदा जेवणाच्या सुट्टीत गावाचा नकाशा करायचं ठरलं. वाया गेलेल्या नळ्या घ्यायच्या, एक नळी म्हणजे एक घर. ओढा म्हणून खळीचं एक बोट जमिनीवर ओढलं. काकी भराभर घरं मांडत होत्या. हे माझं, हे नजमाचं, ही शाळा, ह्या पोरीचं इथं कोपऱ्यात, शांत. आणि हे छबूचं.

छबूचं घर त्यांनी ओढ्यापलीकडं ठेवलं. मुद्दाम नाही हो! हात सवयीनं जातो ना, तसा गेला.

मावशींनी भाकरी खाल्ली, डबा विसळून ठेवला.

दुसऱ्या दिवशी आम्ही आलो तर झाडताना सोडून दिलेला नकाशा तसाच होता, फक्त मावशींची नळी ओढा ओलांडून आली होती. काकींच्या घराला अगदी लागून!

काकी बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "अगं छबू, हितं माझी म्हैस बांधायची हाय."

"म्हैस पलीकडं न्हेऊन बांध," मावशी म्हणाल्या. "वढ्याकडं गारवा असतोय."

आम्ही हसलो. काकीही हसल्या, पण जरा उशिरानं. नळी मात्र कुणी हलवली नाही.

* * *

बापूंना ह्या गावाचा पत्ता लागला तो भाभीमुळं. ते नेहमीसारखे दारात येऊन ओरडले, "गप्पा बंद!" मी नेहमीसारखी दचकून दांडी उडवली. भाभी वैतागून म्हणाली, "इसीलिये तुमको तिकडं जागा नै दिये!"

"तिकडं कुठं?"

सांगावंच लागलं. आम्हाला वाटलं, आता कामावरून काढतात. बापू तसेच निघून गेले. दुपारी परत आले.

"मला का न्हाय जागा?"

खरंच वाईट वाटलं होतं त्यांना! पुढं रोज येऊन अर्ज करायला लागले. तिकडं कुणीतरी मुकादम लागेलच की. रस्त्याकडंचा प्लॉट नसला तरी चालेल. पाण्याच्या टाकीवर लक्ष ठेवीन.

शेवटी मावशींनी निकाल दिला, "द्या त्यांना जागा. पर शाळेला चिकटून द्या. दिवसभर पोरं वरडतील, मंग कळंल!"

बापूंनी प्लॉट घेतला. मी थट्टा म्हणून सांगत नाही, त्या दिवसापासून ते शेडच्या बाहेर थांबतात, खाकरतात आणि विचारतात, "येऊ का?"

आता मला त्या खाकरण्याचीच भीती वाटते, ती गोष्ट वेगळी!

* * *

आणि आता शेवटचा.

मावशींचं घरकुल स्लॅबपाशी येऊन अडकून पडलं होतं, ते यंदा एकदाचं पुरं झालं. एका सोमवारी त्या नळी वळता वळता, कुणाकडंही न बघता म्हणाल्या, "तिकडं रविवारी माझी घरभरणी हाय. गव्हाची खीर करणार हाय."

माझा हात थांबला. रविवारची घरभरणी तर इथं होती, खरीखुरी!

काकी कागदाला खळ लावत होत्या. म्हणाल्या, "येते की. तिकडं यायला कुणाची आडकाठी?"

झालं का! आता ह्या कुठं येणार, इथं का तिकडं? खेळात हो म्हणाल्या का खरंच? सबंध आठवडा विचारावं म्हणून तोंड उघडायची, आणि बापू खाकरायचे. शनिवारी तर काकी कामालाच आल्या नाहीत. मावशींनी त्यांची तरटावरची जागा झटकून मोकळी ठेवली.

रविवारी मी आणि भाभी सकाळीच गेलो. बापूही आले, गल्लीतूनच खाकरत. नव्या रंगाचा वास, फुलांच्या माळा, बुद्धांच्या तसबिरीपुढं मेणबत्त्या. वंदना झाली. वस्तीतली माणसं खीर खाऊन गेली. मावशी सगळ्यांना वाढत होत्या, हसत होत्या, आणि दाराकडं पाठ करून बसत होत्या. एकदाही वळून बघितलं नाही. दाराकडं मीच बघत होते.

दुपार कलली. मावशींनी चुलीवरच्या पातेल्यावर झाकण ठेवलं आणि म्हणाल्या, "चला. भांडी घासू."

तेवढ्यात बाहेर घुंगरं वाजली. बघते तर काकी! नवं लुगडं, डोक्यावर पदर, आणि हातात म्हशीचा कासरा. पाराजवळून, भर रस्त्यानं म्हैस घेऊन आल्या होत्या. म्हैस त्यांनी मावशींच्या नव्या ओट्याच्या खांबाला बांधली, पाय धुतले, आत शिरल्या, आमच्यामधून सरळ चुलीपाशी गेल्या आणि पातेल्यावरचं झाकण उचललं.

ते गरम होतं. हातातून सुटलं. नव्या फरशीवर असं खणाणलं की बाहेर म्हशीनं कासऱ्याला हिसका दिला!

सगळ्यांनी सवयीनं माझ्याकडं पाहिलं. पण मी दचकले नव्हते.

दचकल्या होत्या मावशी. भिंतीला पाठ लावून, पदर तोंडाशी धरून, डोळे मोठ्ठे करून उभ्या होत्या.

काकींनी पळीनं खीर घेतली, चाखली आणि म्हणाल्या, "येवढं दचकाय काय झालं गं? गूळ कमी पडलाय बग."