वाढत्या अंगाचं

आमच्या शिरूरच्या शिंपी गल्लीत किस्से कातरणासारखे साठतात. सकाळी झाडून काढले तरी संध्याकाळी मशीनखाली तेवढेच. किल्लारीच्या भूकंपाच्या वेळचे मात्र मी अजून झाडलेले नाहीत. त्या दिवसांत आमच्यापैकी एकाचाही पाय जागेवर ठरत नव्हता.

*

मार्केट यार्डात मदतीच्या कपड्यांचा ढीग लागला. सफारी सूट, लुगडी, एका नवरदेवाचा फेटासुद्धा! आमच्या गल्लीतले सगळ्यांत जुने टेलर बाबूमामा. त्यांनी ढीग दोनदा उपसला.

"ह्यात पोरांचं कुठं हाय?"

टीव्हीवर तर पोरं बापाचे शर्ट घालून पावसात उभी दिसत होती. मामांनी दिवाळीची शिलाई बाजूला सारली. मग मी आणि शेजारच्या सुभाषनंही सारली.

*

कापडवाल्यानं गणवेशाचा निळा तागा दिला. फ्रॉक शिवायचे ठरले. सुभाषनं कापड पसरलं, कात्री घेतली आणि तसाच उभा. पंधरा वर्षांत गड्यानं मापाशिवाय कापड कापलं नव्हतं.

"कापू कुणाच्या मापानं?"

शेवटी मी गल्लीतल्या पोरी गोळा करून मापं घेतली. दुसऱ्या दिवशी तिघींच्या आया दारात हजर, "फ्रॉक कवा मिळणार?" मी त्यांच्यावर खेकसलो. त्याची मला अजून लाज वाटते.

*

ट्रक निघाला तेव्हा निम्म्या फ्रॉकना बटणं नव्हती. दौंडला रेल्वेचं फाटक बंद. मालगाडी संपता संपेना. माझा जीव वरखाली, सुभाष फाटकवाल्याशी भांडायला निघालेला. मामा मागं गठ्ठ्यावर बसून सुईत दोरा ओवत होते.

"आरं, ट्रक थांबला. हात कशाला थांबवायचा?"

फाटक उघडलं तर मामाच नाराज. त्यांचे सहा फ्रॉक राहिले होते.

*

किल्लारीला पत्र्याच्या शेडपाशी फ्रॉक वाटले आणि आमची तोंडं उतरली. एकजात सगळे मोठे! पोरी फ्रॉक वर धरून चिखलातून चालत होत्या.

दोष आमच्या हाताचा. शिरूरची कुठलीही आई पोरीला मापाला उभी करते आणि आधी एकच सांगते, "वाढत्या अंगाचं शिवा." आम्ही तिघांनी न सांगता तेच केलं होतं.

मग बरोबर नेलेलं हातमशीन शेडमध्ये मांडलं आणि दोन दिवस फ्रॉकची उंची कमी करत बसलो. मामांनी कात्री लावू दिली नाही. सगळं आत दुमडायचं, म्हणजे पुढं उसवता येईल.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी एक बाई येऊन बसली. घरातली दोघं गेलेली. पोरगी तेवढी ढिगाऱ्यातून निघाली होती, सोलापूरला दवाखान्यात होती. शुद्धीवर आल्याचा निरोप अजून नव्हता.

"तिच्यासाठी एक पायजे. पर मापाला पोरगी न्हाई."

बाईनं उभं राहून स्वतःच्या कमरेला हात लावला. "हितवर येती."

मामांनी टेप लावली. खाली बघत, चाळीस वर्षांच्या सवयीनं त्यांच्या तोंडून निघून गेलं, "वाढत्या अंगाचं शिवू?"

सुभाषनं मशीनचं चाक हातानं धरलं. मामांनी मान वर केली नाही.

"व्हय, मामा," बाई म्हणाली. "दोन वरसं तरी पुरला पायजे."

मामा दुमडीला नेहमी दोन बोटं कापड सोडायचे. त्या फ्रॉकला त्यांनी चार सोडली.