रत्नकेतूचं मरण

वहीवाले तात्या सहसा चिडत नसत. पण कोणी ‘असं झालं असतं तर’ म्हटलं की त्यांचे कान लाल होत. आमच्या नाते गावात दर गणपतीत नाटक व्हायचं. त्यातलं राज्य, दोन भाऊ, शत्रू, सगळं तात्यांच्या डोक्यातलं. दरवर्षी गोष्ट पुढे सरके. महाडच्या कोर्टात ते कागदांच्या नकला उतरून देत. तीच शिस्त नाटकाच्या वहीला.

भातलावणीतही लोक त्यांना छेडत. “तात्या, राणीनं ते पत्र वाचलंच नसतं तर?”

“वाचलंन. वहीत हाय. बाकी गावगप्पा.”

मी राजाचा धाकटा भाऊ रत्नकेतू व्हायचो. अठ्ठ्याहत्तर सालच्या भागात तो राजावरचा वार स्वतः झेलून मरणार होता. मेलो की पुढल्या वर्षी मला शिपाई म्हणून भाला धरून कोपऱ्यात उभं राहावं लागणार, हे मला सोसवेना.

वार झाला. मी गुडघ्यावर आलो. विंगेत वही धरून वाक्यं पुरवत बसलेले तात्या कुजबुजले, “पड.”

मी पडलो नाही.

“पड रे! मेलास तू!”

समोर मुंबईचे चाकरमानी शिट्ट्या मारत होते. मी उठलो, तलवार उपसली आणि ओरडलो, “दादा, मी जिवंत आहे!” मांडव हसला, नाचला. तात्यांनी वही मिटली. पडदा पडल्यावर एवढंच म्हणाले, “तू जगलास बाबा. राज्य बुडवलंस.”

पुढल्या वर्षी मंडळानं त्यांना गळ घातली, जिवंत रत्नकेतूवरून पुढचं लिहा. “मेलेल्याला घेऊन मी फुडं कुठं जाऊ?” मग आम्हीच लिहिलं. माझी लढाई, माझं लग्न. तात्या शेवटच्या बाकावर बसून बघत. तिसऱ्या वर्षी आम्हाला काही सुचेना. नाटक बंद पडलं. मी नोकरीला मुंबईस गेलो. माफी मागायची राहिली.

तात्या वारल्यावर त्यांच्या बायकोनं, काकूंनी, वह्या माझ्या हातात दिल्या. “तुझंच नाव काढायचे,” म्हणाल्या. कोणी करणार नाही हे ठाऊक असून तात्या दरवर्षी पुढचा भाग लिहीत होते. भावाच्या मरणानंतर राजा शस्त्र ठेवतो, शत्रूशी तह करतो. आणि प्रत्येक भागात, काही ठरवायचं असलं की, धाकट्याच्या रिकाम्या आसनाशी बोलतो. मी भाला धरून कोपऱ्यात उभा राहिलो असतो, तरी सगळं नाटक माझ्याशीच बोलणार होतं.

मग मी जुनी वही उघडली. रत्नकेतू पडतो त्या ओळीशेजारी तात्यांनी स्वतःसाठी पेन्सिलीनं लिहून ठेवलं होतं: ‘इथे पुढचं वाक्य लगेच देऊ नये. लोक रडतील. रडू द्यावे.’