एका टपाल तिकिटाचा तपास

मुलुंडचा तो तपास आठवला की मला अजूनही एका जागी बसवत नाही.

फिर्यादी सत्तरीचे निवृत्त शिक्षक होते. टपाल तिकिटं जमवायचे, तीही फक्त बर्फातल्या खेळांची. आयुष्यात बर्फ पाहिला नव्हता. एका युरोपीय देशाने हिवाळी स्पर्धांनिमित्त काढलेलं, हवेत झेपावलेल्या स्कीपटूचं जुनं तिकीट अल्बममधून गेलं होतं. बाकी सगळी जागेवर.

ठाणे अंमलदाराला हसू आलं. मी फिर्याद नोंदवून घेतली. सही करताना गुरुजी हळूच म्हणाले, आदल्याच दिवशी चिमट्याने उचलताना तिकिटाच्या कडेचा एक दाता त्यांच्या हातून तुटला होता. लाज वाटून कुणाला सांगितलं नव्हतं. मी ते फक्त माझ्या वहीत टिपलं.

दुसऱ्या दिवशी गुरुजींच्या घाटकोपरच्या मित्राचा फोन आला. तेही संग्राहक. गुरुजींच्या आजारी पत्नीला सांभाळणारी बाई अल्बम चाळताना आपण पाहिली, असं त्यांनी सांगितलं.

मी लगेच महिला शिपायासह गाडी पाठवली. बाईंना इमारतीतून आणलं तेव्हा सगळे मजले गॅलरीत उभे होते. दोन तास मी तोच प्रश्न फिरवून विचारला. भांडुपच्या त्यांच्या खोलीची पंचांसमक्ष झडती घेतली. काही मिळालं नाही. संध्याकाळी गुरुजींनी त्यांना कामावरून काढलं.

मला मात्र चैन पडेना. चोर सहसा वस्तूला हातच लावला नाही म्हणतो. बाई म्हणाल्या होत्या, "अल्बम मी रोज पुसते साहेब. पुसते म्हणजे हातात घेतेच ना." शिवाय शेकडो तिकिटांतून नेमकं तेच उचलणारा माणूस जाणकार असणार.

मी घाटकोपरला मित्राकडे गेलो, तिकिटांची माहिती हवी म्हणून. ते खुशीत बोलत राहिले. हरवलेलं तिकीट ओळखायचं कसं, असं मी सहज विचारलं.

"सोपं आहे. उजवीकडचा एक दाता तुटलाय."

"काका, तो तुटला हे तुम्हाला कसं कळलं?"

ते उठले. मग कपाटातून पाकीट काढून माझ्यासमोर ठेवलं. वीस वर्षं ते तिकीट अदलाबदलीत मागत होते, गुरुजी देत नव्हते. दाता तुटला त्याच संध्याकाळी ते गुरुजींकडे गेले होते; गुरुजी चहा सांगायला आत गेले, तेवढ्यात उचललं. बाईंचं नाव का घेतलंत, असं मी विचारलं.

"तिचं नाव दिलं की तुम्ही पुढे चौकशी करणार नाही, असं वाटलं."

मी पाकिटातलं तिकीट ताब्यात घेतलं.

पुढची कारवाई रीतसर झाली. दुसऱ्या दिवशी मी साध्या कपड्यांत, एकटा भांडुपला गेलो आणि बाईंना सांगितलं की त्यांच्यावरचा संशय मिटला. त्यांनी ऐकून घेतलं.

"नेलंत सगळ्यांसमोर. आता त्या इमारतीत कोण सांगणार?"

मी सांगेन, म्हटलं. मग बंदोबस्त लागला, पाठोपाठ बदलीचा हुकूम आला. मी गेलो नाही. गुरुजींनीही त्यांना परत बोलावलं नाही, असं नंतर कळलं.

चौकशीला आणलेला माणूस निर्दोष निघाला, तर त्याला त्याच्या शेजाऱ्यांसमोर नेऊन सोडायचं आणि तसं मोठ्याने सांगायचं, हा नियम मी पुढे निवृत्त होईपर्यंत पाळला. तो मला त्या बाईंनी शिकवला. त्याचा उपयोग बऱ्याच जणांना झाला, त्यांना सोडून.